बिनछपराचं घर

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, तीन आठवडे मोबाइल बघायचा नाही. घरी आल्या आल्या तिनं काळा चष्मा सावरत फोन माझ्या हातात दिला. "अहो, माझ्या गावातल्या झाडांना रोज पाणी घाला. दोन दिवस राहिलं तर वाळतात. बाकी कशाला हात लावू नका."

हे गाव म्हणजे मोबाइलमधला खेळ. रोज संध्याकाळी ही तासभर त्यात रमायची आणि मी समोर बसून नाकाने कांदे सोलायचो. रिकामटेकड्यांचे धंदे, पोरखेळ, या वयात शोभतं का, वगैरे. ती "हं" म्हणायची आणि खेळत राहायची.

पहिल्या दिवशी पाणी घातलं. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात कोपऱ्यात एक पेटी हलायला लागली. उघडली तर वीट निघाली. पुढची पेटी वीस मिनिटांनी. आता मला विटेचं काय करायचं होतं? पण वीस मिनिटं मी खुर्चीतून हललो नाही. दुसऱ्या पेटीत नुसतं गवत. असा राग आला म्हणून सांगू, तिसरी उघडल्याशिवाय उठायचंच नाही असं ठरवलं. पेटीनं दर वेळी घबाड दिलं असतं तर मी दोन दिवसांत कंटाळलो असतो. ती कधी देते, कधी तोंडाला पानं पुसते, म्हणून तर माणूस चिकटून बसतो. हे ज्ञान मला चौथ्या दिवशी झालं, आणि होऊनही मी चिकटूनच बसलो. आईच्या मदतीला आलेली लेक म्हणाली, "बाबा, भाजी करपली. वास येत नाही का?" येत होता.

गावात तळ्याकाठी एका घराला छप्पर नव्हतं. वर पाटी होती, 'गाव पूर्ण व्हायला एक छप्पर बाकी.' मी तीस वर्षं कारखान्यात सुट्या भागांचं स्टोअर सांभाळलेला माणूस. रिकामा खण दिसला की मला अन्न गोड लागत नाही. म्हटलं, बिचारीला जमलेलं दिसत नाही, आपण करून टाकू.

बारा कौलं लागत होती. अठराव्या दिवशी तिच्या कोठारात शिरलो, तर तिथं चाळीस कौलं रचलेली. बाईला स्वतःच्या कोठारात काय आहे याचाही पत्ता नाही, म्हणून मी पोटभर हसलो आणि छप्पर चढवलं. फटाके उडाले, अभिनंदन झालं, गाव नाहीसं झालं आणि मोकळं माळरान समोर आलं, नवीन गाव वसवायला. मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो. वय वर्षं चौसष्ट.

चष्मा उतरला त्या दिवशी फोन तिला दिला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. तिनं बराच वेळ शोधाशोध केली.

"माझं गाव कुठंय?"

"पूर्ण केलं. कौलं होती की तुझ्याकडे, तुला दिसलीच नाहीत."

"दोन वर्षांपूर्वीच दिसली होती," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "छप्पर घातलं की गाव बंद होतं. म्हणून तसंच ठेवलं होतं. तळ्याकाठी नुसती फिरायचे. तिथं मला कुणी टाकून बोलायचं नाही."

टाकून बोलणारं कोण, ते मी विचारलं नाही. एरवी संध्याकाळी घरात आम्ही दोघंच असतो.

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. माफी मागायला म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर काय पडावं? "नवीन गावात मी सात घरं बांधलीत, बघतेस?"

तिनं फोन माझ्या हातात परत ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"थांब, मीही येतो," मी म्हणालो.

"नको हो," ती म्हणाली. "जरा एकटीला जाऊ द्या."