गालातला घास

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली होती आणि ऊन इतकं मऊ होतं, की गाडीच्या काचेतून बाहेर पाहताना दिपमालाला वाटत होतं, आपण जागे आहोत की डोळा लागलाय. धुळ्याहून निघाल्यापासून तिचा भाऊ समाधान एकच गोष्ट तीनदा बोलून झाला होता. एक दिवस जेवताना बोललीस तर देव काही तुझ्यावर रुसणार नाही. पाहुण्यांसमोर गप्प बसून घास गिळत राहिलीस तर ते काय समजतील? चांगलं स्थळ आहे, अक्का, पुन्हा येणार नाही.

दिपमालाने खिडकीची काच थोडी खाली केली. तिचं वय छत्तीस. मुलींच्या शाळेत ती लिपिक होती. पंचविसाव्या वर्षी तिचं जमलेलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं, आणि त्या आषाढात तिने चातुर्मासाचा नेम धरला. दिवसातून एकदाच जेवायचं, आणि तेही मौनाने. जेवताना तोंडातून एक शब्द जरी गेला, तरी तिथेच पानावरून उठायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. अकरा वर्षांत नेम चुकला नव्हता. देवऊठणी एकादशीला आणखी पाच दिवस होते. मंडळींनी पाच दिवस धीर धरला असता तर हा प्रश्नच आला नसता. पण तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, आणि त्याआधी बिजवराच्या दोन मुलांनी तिला एकदा पाहावं, असं त्या जळगावकर मंडळींचं म्हणणं होतं.

मोठ्यांचं पाहणं झालेलं होतं. हितेंद्र जळगावला ठिबकच्या कंपनीत होता, सावकाश बोलणारा, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणारा. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. पहाटे तिला दवाखान्यात नेलं तेव्हा मुलं झोपेत होती. ती परत आलीच नाही. मोठी देवश्री आता सहा वर्षांची, धाकटा शिवू तीन पूर्ण. हितेंद्रने दिपमालाच्या घरच्यांना आधीच स्वच्छ सांगून टाकलं होतं, की मला त्या पसंत आहेत, पण शेवटचा शब्द मुलांच्या आजीचा. आजी म्हणजे त्याची सासू, अमळनेरच्या पुष्पाबाई. लेक गेली तरी त्यांनी जावयाचं घर सोडलं नव्हतं. आठवड्यातले चार दिवस जळगाव, तीन दिवस अमळनेर. त्या नाही म्हणाल्या तर हितेंद्र पुढे जाणार नव्हता, आणि दिपमालालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण गेल्या महिन्यापासून पहाटे तुळशीला पाणी घालताना तिच्या मनात दोन लहान मुलं उगीच इकडून तिकडे धावायला लागली होती. त्यांचे चेहरे तिला माहीत नव्हते. आज ते दिसणार होते.

भेट ठरली होती ते हायवेवरचं फॅमिली रेस्टॉरंट मुलांसाठी म्हणूनच प्रसिद्ध होतं. पुढे हिरवळ, घसरगुंडी, दोन झोपाळे. आत शिरलं की समोरच भिंतभर काचेची मासळ्यांची पेटी, आणि तिचा निळा उजेड टेबलांवर, पाण्याच्या ग्लासांवर, माणसांच्या कपाळांवर हलत असायचा. बाहेरचं ऊन डोळ्यांत घेऊन आत आलेल्या दिपमालाला क्षणभर काही दिसलंच नाही. मग निळ्यातून एकेक माणूस वर आल्यासारखं दिसत गेलं. आधी हितेंद्र उभा राहिला. मग उंच खुर्चीत बसवलेला शिवू, हातात चमचा घेऊन टेबलावर ठाण ठाण करणारा. मग पुष्पाबाई, डोक्यावर पदर, पाठ ताठ. आणि सर्वांत शेवटी, काचेला नाक लावून पाठमोरी उभी असलेली दोन वेण्यांची मुलगी.

बोलणं जरा इकडचं तिकडचं झालं. रस्ता कसा होता, कापूस वेचायला बायका मिळतात का, धुळ्यात थंडी पडली का. शिवूने पाच मिनिटांत दिपमालाच्या बांगड्या मोजून तिला आपलंसं करून टाकलं. देवश्री मात्र हाक मारल्यावर आली, मावशीला नमस्कार कर म्हटल्यावर केला, आणि खुर्चीवर बसून मासळ्यांकडेच बघत राहिली.

वेटर आला. हितेंद्रने मुलांसाठी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी सांगितली, मोठ्यांसाठी शेवभाजी. दिपमालाने हळूच कांदा-लसूण नको म्हटलं, तेव्हा वेटरने वहीतून मान वर न करता विचारलं, जैन करून देऊ का? ती हो म्हणाली. पुष्पाबाईंनी एकदा वेटरकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं.

आता सांगायलाच हवं होतं. समाधानने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने पाय मागे घेतला आणि अगदी खालच्या आवाजात सांगितलं, की माझा नेम आहे, जेवताना मी बोलत नाही, राग नका मानू. हितेंद्र म्हणाला, त्यात राग कसला. पण पुष्पाबाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट आणखी उतरला.

"अन् लेकरूना घसामा घास अडकना तं? तवय बी हातवाराच करशी का, माय?"

समाधान हसायचा प्रयत्न करून थांबला. मुलाच्या घशात घास अडकला तर काय करणार, हा टोमणा होता आणि खरा प्रश्नही होता. मी जेवतच नाही, असं म्हणून सुटावं, हा विचार दिपमालाच्या मनात आला. पण पाहायला आलेली बाई पानाला हात न लावता उठली, म्हणजे तिने घर नाकारलं, असाच अर्थ त्यांच्याकडे होतो. जेवण आलं. तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, आणि पहिला घास तोंडात ठेवला.

मौनाचा पहिला घास घेतला की दिपमालाला नेहमी एक गोष्ट व्हायची. ती तिने कोणाला सांगितलेली नव्हती. आवाज दूर जायचे. जाऊन नाहीसे व्हायचे नाहीत, तर विहिरीच्या तळाशी बसून वरचं बोलणं ऐकावं तसे गोल आणि ओले होऊन यायचे. आजही तसंच झालं. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस होता, फुगे होते, कोणी टाळ्या वाजवत होतं. पण ते सगळं त्या निळ्या पाण्यातून गाळून येत होतं. चपातीची वाफ, भाताचा पांढरा ढीग, शिवूच्या हनुवटीवरून ओघळणारं दही, सगळं सावकाश. एक लाल मासळी काचेपाशी आली, तोंड उघडलं, मिटलं, परत गेली. तिच्या तोंडातूनही काही आवाज आला नाही.

मग दिपमालाच्या लक्षात आलं, की टेबलावर आणखी कोणीतरी गप्प आहे.

देवश्रीचा डावा गाल फुगलेला होता. पुरीचा एकच घास तिने कधीचा तोंडात धरून ठेवला होता, चावत नव्हती, गिळत नव्हती. हितेंद्र तिला हळूच गिळ म्हणत होता. पुष्पाबाई पाठीवरून हात फिरवत होत्या. समाधानला कोणीतरी सांगितलं, ती अशीच करते, दोन वर्षं झाली, तास तास घास गालात ठेवते, डॉक्टरला दाखवलं, काही नाही म्हणाले. समाधानने लगेच मामाच्या थाटात विचारलं, काय गं, शाळेत कोण आवडतं तुला, बाई का सर? देवश्रीने गालाकडे बोट दाखवलं. तोंडात घास आहे, बोलता येत नाही. हे तिला तिच्या आईने शिकवलेलं होतं, तोंड भरलेलं असताना बोलायचं नाही. आणि आई गेल्यावर जो तो तिला काहीबाही विचारायला लागल्यावर तिने तोंड रिकामंच ठेवलं नव्हतं.

दिपमालाला हे कोणी समजावून सांगितलं नाही. तिला ते दिसलं. अकरा वर्षं ती स्वतः घासाच्या आड बसत आली होती; साखरपुडा का मोडला, असं जेवणाच्या पंगतीत विचारणाऱ्या बायकांना तिनेही असंच पानाकडे बोट दाखवलं होतं. हा तिचा देवापाशी धरलेला नेम होता, खरंच होता. पण त्याच्या आडोशाला ती लपलीही होती, आणि हे तिने देवापाशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

तिने देवश्रीकडे पाहिलं. गिळ अशी खूण केली नाही, भुवई उचलली नाही. फक्त आपला घास चावत राहिली. मुलीने तिच्याकडे पाहिलं. ही बाई काही विचारत नाही, हे तिला बहुतेक नवीन असावं. दोघी तशाच एकमेकींकडे पाहत राहिल्या, जसं दोन वेगळ्या गच्च्यांवरून एकच पतंग पाहावा. शिवूने दिपमालाच्या भातात बोट घातलं. तिने ते पुसून दिलं. वाढदिवसाच्या टेबलावरचा एक फुगा सुटून छताला लागला. देवश्रीचा जबडा हलला. एकदा, दोनदा. गाल उतरला.

पुष्पाबाईंचा हात मुलीच्या पाठीवर होता तो तिथेच थांबला.

देवश्री खुर्चीवरून उतरली आणि पुन्हा काचेपाशी जाऊन उभी राहिली. सगळ्यांकडे तिची पाठ. मासळ्या तिच्या वेण्यांच्या दोन्ही बाजूंनी गेल्यासारख्या दिसत होत्या. काचेवर तिच्या श्वासाचा धुरकट गोल उमटला, आणि त्या गोलालाच विचारल्यासारखं ती म्हणाली,

"तू पण जाशील का?"

कोणाला विचारलं, ते सगळ्यांना कळलं. हितेंद्रने मान खाली घातली. समाधानने तोंड उघडलं आणि पुष्पाबाईंनी त्याला हाताने गप्प केलं. त्या दिपमालाकडे पाहत होत्या, डोळ्याची पापणी न लववता.

दिपमालाने मान हलवली. नाही. मान हलवल्याने मौन मोडत नाही. पण मुलगी पाठमोरी होती. तिने मुद्दामच पाठ केली होती, चेहऱ्यावरचं उत्तर तिला नको होतं. चेहरे खोटं बोलतात हे तिला त्या पहाटेनंतर कळलं असावं. दिपमालाच्या पानात दीड चपाती होती, भाजी होती, दहीभात होता. घरून ती उपाशी निघालेली. नुसतं उठून जाऊन मुलीच्या खांद्यावर हात ठेवता आला असता. शिवाय नाही म्हणणं खरं तरी होतं का? मी कधीच जाणार नाही, असं कोणी कोणाला सांगू शकतं?

विहिरीच्या तळातून वर यावं तशी ती वर आली. आवाज आपापल्या जागी परत आले, टाळ्या, चमचे, पंखा.

"ते माझ्या हातात नाही, बाळा," ती म्हणाली. "पण तुला सांगितल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. झोपली असलीस तर उठवून सांगेन."

आणि तिने उजवा हात पानातून उचलून घेतला.

देवश्री वळली. मग जवळ आली आणि तिने विचारलं, तू जेवत का नाहीस आता? दिपमालाने सांगितलं, बोलले ना, म्हणून माझं जेवण झालं, आता उद्या. मुलीने पानाकडे पाहिलं. एवढं सगळं राहिलं होतं.

"अन्न टाकत नाहीत," ती गंभीरपणे म्हणाली. ती दिपमालाच्या शेजारच्या खुर्चीवर चढून बसली, पान स्वतःकडे ओढलं, आणि दिपमालाने मोडलेल्याच चपातीचा पुढचा तुकडा मोडला.

पुष्पाबाईंचा हात झटकन पुढे आला. उष्टं. परक्या बाईचं उष्टं त्यांच्या नातीने कधी खाल्लं नव्हतं. लेकरू उष्टं खातं ते आईचं. हात टेबलाच्या मध्यापर्यंत आला. तिथे तो थोडा वेळ निळ्या उजेडात तरंगत राहिला, आणि मग त्याने शिवूपुढचा पाण्याचा ग्लास नुसताच इकडचा तिकडे केला आणि मागे गेला.

देवश्री जेवत होती. घास घेत होती, चावत होती, गिळत होती, मधेच मासळ्यांकडे बघत होती. शिवू पुरीचा तुकडा मुठीत धरून खुर्चीतच पेंगायला लागला. कोणी काही बोलेना. बोललं तर हे मोडेल, अशी भीती मोठ्यांच्या चेहऱ्यावर होती, आणि त्या भीतीने का होईना, टेबलावरची सगळीच माणसं मौनाने जेवत होती. दिपमालाच्या पोटात भुकेची कळ आली. ती पाणी प्यायली. नेम मोडला होता, पाच दिवस उरले असताना मोडला होता, आणि तिला रडू येत नव्हतं. घरी गेल्यावर देवापुढे बसून सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं; लपण्याचंही सांगायचं.

दहीभाताचं शेवटचं शीत निपटून झालं तेव्हा पुष्पाबाईंनी पदराच्या टोकाने आधी नातीचं तोंड पुसलं, मग स्वतःचे डोळे.

"बठ्ठं खाई लिधं पोरीनी," त्या कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. मग दिपमालाकडे वळल्या. रागावल्यासारखाच आवाज. "आते उपाशी जाशी धुळाले?"

दिपमाला हसली.

"बारसले पारनं शे ना तुन्हं?"

एकादशीनंतरच्या द्वादशीला, यंदा शनिवारी, नेमाचं पारणं करायचं असतं. आज मोडलेल्या नेमाचं पारणं होतं की नाही, ते दिपमालाला माहीत नव्हतं. ती तसं सांगायला लागली, पण पुष्पाबाईंनी ते ऐकून घेतलं नाही.

"मोडना म्हणी कोन सांगस? जळगावले ये. आमना घर सोड पारनं. मी रांधसू."

हितेंद्रने पहिल्यांदा दिपमालाच्या हातांकडे न पाहता तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. समाधान बडीशेपेच्या वाटीत खडीसाखर शोधू लागला. दिपमालाने सवयीने नुसती मान हलवली. मग शेजारून देवश्री आपल्याकडेच बघते आहे, हे तिच्या ध्यानात आलं.

"येईन," ती तिला म्हणाली. "शनिवारी. सकाळीच येईन."