कुंडीखालचं स्टूल

साहेब, माझ्या वहिनीची कंबर तुम्ही मोडलीत. मुकादमाने नाही, तिच्या पोटातल्या बाळानेही नाही. तुम्ही.

शर्ट तपासायच्या टेबलांमागची स्टुलं तुम्हीच उचलायला लावलीत. बसलं की हात मंदावतात म्हणे. वहिनीला तेव्हा सातवा लागला होता. माझं टेबल तिला लागूनच, त्यामुळे सगळं दिसायचं. ती एक पाय टेबलाखालच्या दांडीवर टेकवायची, मग दुसरा. पोट आडवं येतं म्हणून कंबरेतून वाकून शर्ट ओढायचा, कॉलर बघायची, बटणं बघायची, पुढे सरकवायचा. संध्याकाळी घरच्या जिन्यात कठडा धरून ती थांबली की दादा वरून विचारायचा, "पाहुणे, येताय ना?" ती हसायची. मग हसणंही बंद झालं. कुशीवर वळताना जांघेत कळ यायची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळ छान आहे म्हणाल्या, दुखणं सांध्यांचं आहे.

मग तुम्हाला आमचा पुळका आला. गरोदर बायकांसाठी तुम्ही कारखान्यात ऑस्टिओपॅथ बाई आणल्यात, हातांनी सांधे-स्नायू मोकळे करणाऱ्या. फोटोही काढून घेतलेत. बाई गुणाच्या होत्या, खोटं कशाला बोलू. वहिनीला कुशीवर निजवून गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि कंबरेवर तळवे ठेवून हळूहळू दाबत गेल्या. वहिनी तिथेच घोरायला लागली.

पण त्याआधी त्यांनी विचारलं होतं, काम बसून की उभ्याने? मुकादम दारातच होता. बसून, तो म्हणाला. आणि नोकरीच्या भीतीने वहिनीने मान डोलावली. त्यावरून बाईंनी सल्ला दिला की बसून बसून कंबर आखडते, घरी गेल्यावर जरा उभी राहत जा, चालत जा. आमच्या शहाणीने तो पाळला. दिवसभर टेबलापाशी उभी, घरी ओट्यापाशी उभी. मी खुर्ची सरकवली तर म्हणायची, बाईंनी सांगितलंय. एका सकाळी तिला पलंगावरून पाय खाली टाकता येईनात. दादाने धरून उठवलं, आणि तशीच ती कामावर आली.

बाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा मी आत घुसून खरं काय ते सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"मी तुला उभी राहा म्हटलं, आणि तू राहिलीस?"

वहिनी उशीत तोंड खुपसून रडली. बाई तडक खाली गेल्या, तिचं टेबल पाहिलं आणि तुमच्या खोलीत आल्या. मी मागेच होते.

"मी आठवड्यातून एकदा मोकळं करते, तुमचं टेबल रोज आवळतं," त्या म्हणाल्या. "तिला आधी स्टूल द्या."

एकीला दिलं की सगळ्या मागतील, असं म्हणून तुम्ही फोन उचललात. त्यानंतर बाई आल्याच नाहीत. बोलावणंच बंद केलंत. स्टूलही गेलं आणि बाईंचे हातही गेले. वहिनीला आता नववा लागेल, आणि ती अजून उभीच आहे.

तुमच्या खोलीत मी काय पाहिलं, तेही ऐका. खिडकीपाशी आमच्यातलंच एक स्टूल आहे. कापडाच्या तुकड्यांची गादी त्यावर वहिनीनेच शिवून बसवली होती. आता त्या गादीवर कुंडी ठेवलीय.

ती कुंडी खाली ठेवून स्टूल वहिनीला कधी देताय? मुकादमाकरवी निरोप नकोय. खाली या, तिच्या टेबलापाशी तिच्यासारखे उभे राहा, आणि तिच्या तोंडावर सांगा.