चिंचेच्या पाण्यातला हिरवा

"हे सांगितलं तर अख्ख्या तंजावुरात कोणाला खरं वाटणार नाही," सेतुरामरावांनी ओट्यावर मांडी घालत जाहीर केलं, "पण नायलॉनला राग येतो!"

"मामा, सुरू झालात का?" जावई वादिराज कॉफी फुंकत हसला.

फाटकाशी त्याची जीप उभी होती. लष्कराच्या लिलावातली, हिरवीगार. शेताबांधांवरून ती उधळायचा त्याला भारी नाद. परदेशी माल खुला झाल्यापासून मद्रासला काय वाटेल ते मिळायचं. तिथून त्याने टपावर सामान आवळायला नायलॉनचे रुंद पट्टे आणले होते. पांढरेशुभ्र. जीपला जखमेवर बांधतात तशा पट्ट्या बांधल्यासारखं दिसायचं. म्हणून दहा दिवसांपूर्वी सासऱ्याने ते हिरवे करून दिले, आणि लगेच तिरुवैयारूच्या वाटेवर कालव्याचं पाणी उडून सगळा हिरवा रंग टपावरून ओघळत मागे बसलेल्या वादिराजच्या आईच्या पिवळ्या रेशमी साडीत उतरला.

त्या दिवशी सेतुरामराव पटकन बोलून गेले होते, "गुरुमूर्तीने रंगवले. रेशीम रंगवणारा माणूस, त्याला काय कळणार!"

"तर गुरुमूर्तीने पट्टे उकळत्या पाण्यात टाकले," ते आता रंगात आले, "आणि ते नागासारखे फणा काढून उभे! एकाने त्याच्या गळ्यालाच विळखा घातला. भ्यायला बिचारा, विस्तव विझवला. म्हणून रंग कच्चा."

"तरीच!" वादिराज म्हणाला. "काल मी त्याला सांगून आलो, माझ्या बहिणीच्या, भुवनाच्या लग्नाचं रेशीम तुझ्याकडे येणार नाही. आमचे सगळे नातेवाईकही आता कुंभकोणमला देणार. तो एवढंच म्हणाला, 'तुमच्या सासऱ्यांना विचारा.'"

सेतुरामरावांचे कान तापले. गुरुमूर्तीने रंगाची पूड देताना दोनदा बजावलं होतं, "व्हिनेगर घाला, तासभर उकळत ठेवा." आणि आपण? तीनशे वर्षं आपलं घर चिंचेवर चाललंय, व्हिनेगर कशाला, असा तोरा. वर नायलॉन वितळेल या भीतीने चूल पेटवलीच नाही. चिंचेच्या पाण्यात पट्टे बुडवून उन्हात ठेवले, लोणच्यासारखे. त्या माणसाने हे सगळं ओळखलं असणार, तरी आपलं बिंग फोडलं नाही.

आता सांगावं. एवढं एकच वाक्य. त्यांनी तोंड उघडलं.

"हल्ली हात कापतात त्याचे," ते म्हणाले. "वय झालं."

बोलता बोलताच त्यांना स्वतःची किळस आली. मुठी आपोआप मांडीखाली गेल्या.

दारात त्यांच्या पत्नी ताराबाई येऊन उभ्या होत्या, हातात घासून घासूनही हिरवंच राहिलेलं पातेलं.

"खोटं! साफ खोटं! पट्टे आपल्या परसात रंगले, तिथे गुरुमूर्तीने पाऊल तरी टाकलं होतं का? चिंच माझी, पातेलं माझं, ढवळत होतात तुम्ही. त्या मुठी काढा बाहेर, अहो, आणि जावयाला नखं दाखवा!"