खिशाला लागणारं पेन

"मावशी, वहीसाठी पायजे ना? मग हे स्टँडवालं न्या. वहीजवळ उभं राहातं, टेबलाला शोभा येती." दुकानदार हरिचंदने पेन करायच्या सामानाची दोन्ही पाकिटं काउंटरवर शेजारीशेजारी मांडली.

अनुसयाबाईंनी नेमकं दुसरं उचललं. आत पितळी नळी, टोक, रिफिल आणि खिशाला अडकवायची सोनेरी क्लिप. नळीवर आपलं लाकूड चढवायचं, खरादावर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर, पटाशीने तासून गोल करायचं आणि बाकीचे भाग दाबून बसवायचे. हिंगोलीत असलं सामान कुणी मागत नाही. हरिचंदने ते त्यांच्यासाठी मुद्दाम बाहेरून मागवलं होतं.

नवरा प्रभू वारल्यापासून जवळा बाजारचा खराद अनुसयाबाईच चालवत होत्या. लाटणी, ताकाच्या रव्या, बाजेचे पाय, जे लागेल ते केलं. पेन कधी केलं नव्हतं. ते साधनाच्या डोक्यातून निघालं. ही त्यांची एकुलती एक लेक, संभाजीनगरला नोकरीला. फोनवर म्हणाली, "लग्नात पाहुण्यांना लिव्हायला वही ठिवायची हाय. पेन तू कर, आई."

"आहेर लिव्हायला का?"

"न्हाई गं! आशीर्वाद लिव्हायला."

तोंडाने दिलेला आशीर्वाद काय पळून जातो, की तो लिहून घ्यायचा? अनुसयाबाईंना हसू आलं होतं. पण त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. विधवा आईने लेकीच्या लग्नात काय करायचं नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हळद लावायची नाही, घाणा भरताना हळकुंडं कांडायच्या मुसळाला शिवायचं नाही, अक्षता पडताना मागे उभं राहायचं. साधना भांडली, "तूच घाणा भर, बघते कोण काय म्हणतं!" पण खरं सांगायचं तर घाबरत होत्या त्या अनुसयाबाईच. उद्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं तर? आपल्याच लेकीला आपल्या हाताची बाधा होईल, ह्या भीतीने त्यांना स्वतःच्या हातांचा राग यायचा. पेनाबद्दल मात्र कुठल्याच रीतीत काही सांगितलेलं नव्हतं.

"स्टँडचं तिथंच टेबलावर राहून जाईल," त्या हरिचंदला म्हणाल्या. "मला पोरीसंगं जाणारं पायजे. पर्सला लावंल, हापिसात नेईल. ह्येच दे."

"बघा बरं का. ह्ये एकच हाय. नळी बिघडली तर लग्नाच्या आत दुसरं येणार न्हाई."

लाकूड त्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या घाण्यासाठी प्रभूने बाभळीचं मुसळ केलं होतं. त्यालाच त्यांनी करवत लावली. पहिला तुकडा भोक पाडतानाच तडकला. दुसरा आतून किडलेला निघाला. तिसरा नळीवर चढला, आणि त्यांनी पटाशी धरली. नळीवरचं लाकूड कांद्याच्या सालीएवढं राहिलं, तेव्हा त्या रडतच गेलेल्या नवऱ्याला मोठ्यांदा म्हणाल्या, "आता तडकू देऊ नका हो. तेवढं करा माझ्यासाठी." शेजारची मिराबाई दारातून डोकावली आणि काही न विचारता परत गेली.

पेन झालं.

घाण्याच्या दिवशी थोरली जाऊ मंजुळाबाई ओसरीतून ओरडली, "अनुसया, तुझं मुसळ काढ गं. जोडी लागती."

"कापलं, अक्का."

"कापलं? काहून?"

"पेन केलं त्याचं."

मंजुळाबाईने कपाळावर हात मारला. "येडी का काय तू! पेनासाठी मुसळ कापतं का कुणी?" मग मिराबाईचं मुसळ आलं. दोन्ही मुसळांना आंब्याची पानं बांधली, सवाष्णींनी गाणी म्हटली. अनुसयाबाईंनी ती दाराआडून ऐकली.

लग्नात वही मांडवाच्या तोंडाशी होती. अनुसयाबाई स्वयंपाकाच्या बाजूने तिकडेच बघत होत्या. जो येई तो पेन उचली, दोन ओळी लिही, शेजारच्याला देई. आपण सगळ्यांच्या शेवटी लिहायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. सातवीपर्यंत शाळा झाली होती. वाक्यही पाठ केलं होतं. 'साधना, सुखाने नांद. तुझी आई.'

पाठवणीची गडबड सुरू झाली, तशा त्या टेबलाशी गेल्या. वही उघडी होती. पेन नव्हतं.

त्यांनी टेबलाचं कापड उचललं, हार झटकले, खुर्च्यांखाली वाकून पाहिलं. "पेन पाह्यलं का हो कुणी? लाकडाचं व्हतं." मांडववाल्याने आपलं बॉलपेन पुढे केलं. ते त्यांना दिसलंच नाही. तेवढ्यात त्यांची नजर जीपकडे गेली.

पुढच्या सीटवर नवऱ्या मुलाचे वडील, गोरेगावचे विश्वंभरराव, फेटा सावरत बसले होते. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर सोनेरी क्लिप चमकत होती. लिहून झालं की पेन खिशाला लावायचं, ही माणसाची सवय. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतंच. पण मुलीकडच्यांनी वरबापाच्या खिशातली वस्तू मागायची? आणि तीही पोरगी जीपमध्ये बसलेली असताना?

मंजुळाबाईनेही पाहिलं असावं. तिने अनुसयाबाईंचा दंड घट्ट धरला. "एक अक्षर बोलू नको. पोरीला जलमभर ऐकावं लागंल."

दंड सोडवून अनुसयाबाई जीपपाशी गेल्या. मागे साधना खाली मान घालून रडत होती. विश्वंभररावांनी हात जोडले.

"इहीणबाई, तकलीफ करून घिऊ नका. लेकीवानी ठिवू."

अनुसयाबाईंचा हात खिशाच्या दिशेने उचलला गेला. अर्ध्यावर त्यांनी दुसरा हात आणून त्याला जोडला.

"नीट सांभाळा," त्या म्हणाल्या. "लई नाजूक हाय."

"व्हय, व्हय," म्हणत विश्वंभररावांनी मागे वळून सुनेकडे पाहिलं. जीप सुरू झाली.