बॉर्डरवाले आणि दुसरे बॉर्डरवाले

सीमेवरच्या उधवा गावातल्या वर्षाच्या घराची गंमत अशी, की पुढल्या अंगणात फोन महाराष्ट्रात असायचा आणि मागे कोंबड्यांना दाणे टाकायला गेलं की 'गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे' असा मेसेज यायचा. यावर तिनं, इको गाडी चालवणाऱ्या जिव्यानं आणि उंबरगावला कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या प्रविणनं मिळून एक रॅप रचलं. ग्रुपचं नाव ठेवलं बॉर्डरवाले. व्हिडिओ इकोच्या टपावर बसून काढला. महिनाभरात तलासरीपासून वापीपर्यंत एकही हळद त्या गाण्यावाचून होईना, आणि बघता बघता मुंबईच्या पोरांच्याही तोंडी ते बसलं.

तेव्हा अंधेरीच्या एका म्युझिक कंपनीचा फोन आला. करार बावीस पानांचा, सगळा इंग्रजीत. वर्षा तलासरीत झेरॉक्सच्या दुकानात कामाला, रोज लोकांची कागदपत्रं हाताळणारी, म्हणून वाचायचं काम तिच्या गळ्यात पडलं. नवव्या पानापर्यंत तिनं नेटानं वाचलं. पुढेही असंच असेल म्हणून तिघांनी सह्या ठोकल्या.

कंपनीनं गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं, ते टीव्हीवर लागलं, गावानं फटाके उडवले. दुसऱ्या गाण्याच्या शूटिंगला मात्र मॅनेजर जतीनसरांनी तिघांसमोर पानांचे घागरे आणि पांढऱ्या रंगाचा डबा ठेवला. गालांवर वारली चित्रं रंगवायची आणि जंगलात नाचायचं, असं ठरलं होतं म्हणे. जिव्यानं खास त्या दिवसासाठी नवे बूट घेतले होते. घागऱ्याखाली ते कसे दिसतील, याचीच त्याला काळजी. वर्षानं सरळ सांगितलं, की आमच्याकडे असलं कोणी घालत नाही, माझा बापसुद्धा जीन्स घालतो. जतीनसर शांतपणे म्हणाले, "काही हरकत नाही. नाव कंपनीचं आहे. पान चौदा बघा."

पान चौदावर तसंच लिहिलं होतं. कंपनी सोडली तर दोन वर्षं ते नाव वापरायचं नाही आणि ते गाणं जाहीर कार्यक्रमात गायचं नाही. तरी तिघं घागरे तिथेच ठेवून गावी परतली.

हिवाळ्यात डहाणूच्या किनाऱ्यावर महोत्सव भरला. पोस्टरवर बॉर्डरवाले, आणि खाली तीन अनोळखी चेहरे. वर्षाची आत्या गंगी रुसली, की भाचीचा कार्यक्रम आणि घरात कोणाला पत्ता नाही. ते आम्ही नव्हेच, हे तिला काही केल्या पटेना. शेवटी तिलाही इकोत बसवून सगळे डहाणूला गेले.

संध्याकाळी दुसरे बॉर्डरवाले स्टेजवर आले, दोन मुलगे आणि एक मुलगी, पानांच्या घागऱ्यांत. समुद्रावरून गार वारा सुटला होता. "आम्ही उडवाचे," एकानं माईकवर जाहीर केलं. कोणाला उडवतो, असं गर्दीतून कोणीतरी विचारलं आणि हशा पिकला. मग गाणं लागलं. ओठ त्यांचे, आवाज वर्षाचा. दुसऱ्या कडव्यात रेकॉर्डिंग अडकलं. कोंबडी, कोंबडी, कोंबडी, एवढंच वाजत राहिलं, मग तेही बंद पडलं. दोघे मुलगे बघून येतो म्हणून पडद्यामागे गेले ते आलेच नाहीत.

वर्षा गर्दी सारत पुढे निघाली. माईक हिसकावायचाच, नोटीस आली तर आली, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण जवळ गेल्यावर दिसलं, ती मुलगी कुडकुडत होती आणि तिचे डोळे भरले होते. तिनं वर्षाला ओळखलं. वाकून हळूच विचारलं, "ताई, पुढची ओळ काय?"

वर्षानं ओळ सांगितली. मुलीनं ती म्हटली. चुकली तिथे वर्षानं दुरुस्त करून परत म्हणायला लावली. मास्तर पाढे म्हणून घेतात तसं अख्खं गाणं पार पडलं, आणि लोक हसता हसता साथ देत होते. मध्येच गंगीआत्या स्टेजवर चढली, आपली शाल मुलीच्या खांद्यावर टाकली आणि खाली उतरली.

कोणीतरी मोबाइलवर काढलेला हा व्हिडिओ पहिल्या गाण्यापेक्षा जास्त पळाला. चौथ्या दिवशी कंपनीची नोटीस आली, की वर्षानं करार मोडून गाणं गायलं. तिनं उत्तर पाठवलं, की मी गायले नाही, तुमच्या कलाकाराची अडचण दूर केली, व्हिडिओ बघावा. मग खुद्द जतीनसरांचा फोन आला. पानांचे घागरे रद्द, बूट चालतील, परत या. जिव्या जागीच विरघळला.

"नाव तुमच्याकडेच राहू द्या, सर," वर्षा म्हणाली. "आम्हाला इकडे सगळे ओळखतात."

नवी गाणी नव्या नावानं करायला बंदी नव्हती. लग्नांच्या बॅनरवर आता 'उधव्याची ती तिघं' असं छापून येतं. ती मुलगी, नालासोपाऱ्याची नूतन, कंपनी सोडून एका रविवारी आत्याला भेटायला आली, सुकट-भात पोटभर जेवली आणि मलाही ग्रुपमध्ये घ्या म्हणाली. बॅनरवर तिघंच छापलंय, याची प्रविणनं आठवण करून दिली. मग जिव्याला काढा, असं नूतननं सुचवलं.

तेव्हापासून जिव्या तालमीला वेळेवर येतो.