पाचवा पेला

मी एक जुनी ढवळणी आहे, विजेवर चालणारी. फिजीतल्या एका विद्यापीठात, पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत, खिडकीखाली माझी जागा. मला सहा दांडे. प्रत्येकाखाली एक काचेचा पेला. त्यांत इथल्या रेवा नदीचं गढूळ पाणी भरायचं, चढत्या मापाने तुरटी टाकायची, मी ढवळायचं आणि कोणतं पाणी किती निवळलं ते मुलांनी वहीत लिहायचं. काम एवढंच.

मित्रांनो, नवी होते तेव्हा प्राध्यापक स्वतः माझी धूळ पुसत. पुढे पाचव्या दांड्याचा स्क्रू सैल झाला. दांडा रेंगाळू लागला, तुरटी नीट मिसळेना. जो पेला सर्वांत नितळ व्हायचा, तोच गढूळ राहू लागला. अकरा वर्षं हे कुणी लिहिलं नाही. मागच्या वर्गाच्या वह्यांत पाचवा नितळ होता. मुलं माझ्याकडे पाठ करून तेच उतरवत. सुरुवातीला वाईट वाटे. मग तेही थांबलं.

सेरेआना रेवाकाठच्या गावची. उतरवलेलं लिहून, ते समजावता न आल्याने तोंडी परीक्षेत दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा झाली असती तर विद्यापीठातून नाव कापलं जाणार होतं. या खेपेस तिने पेल्याकडे पाहिलं आणि लिहिलं, गढूळ.

“अगं बाई, आम्ही सगळ्यांनी नितळ लिहिलंय,” तिची जोडीदार प्रनिता म्हणाली. “गावी जाऊन कसावा लावायची एवढी घाई झालीय का?”

“गढूळ आहे म्हणून गढूळ लिहिलं.”

“नदीपण गढूळच आहे. ती सांगते का तुला लिहायला?”

सेरेआना हसली नाही. तिने दांड्यांना खुणेचे दोरे बांधले आणि फेरे मोजत बसली.

तोंडी परीक्षेत प्राध्यापिका नाइवालूबाईंनी विचारलं, “वर्गात तुझाच पाचवा गढूळ कसा?”

“मॅडम, तो दांडा मागे पडतो. मिनिटाला बाकीच्यांचे तीस फेरे, त्याचे अठरा.”

प्रयोगशाळेतले विजेंद्रभाई पेचकस घेऊन आले. स्क्रूला दोन पिळे दिले. “अकरा वर्षांचं दुखणं, आणि औषध एवढंसं,” ते म्हणाले.

सेरेआना काठावर पास झाली. जाताना तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. बाईंनी तिची वही नमुना म्हणून कपाटात ठेवली.

आता माझे सहाही दांडे सारखे फिरतात. पाचवा पेला लख्ख निवळतो. नव्या वर्गाला कपाटातली ती वही सापडली आहे. मुलं माझ्याकडे पाठ करून बसतात आणि ओळीने लिहितात: पाचवा, गढूळ.

मित्रांनो, मला तेल नको, फडकंही नको. लिहिण्याआधी एकदा मागे वळून पेल्याकडे बघा.