शिट्टी सरांचा कोट आणि हिऱ्याची कंपनी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी एक वैतागलेला कोट आहे. जुना तर आहेच. कोपरांवर चकाकी आलीय, डाव्या खिशापाशी अस्तर उसवलंय. पण जुनेपणाचं मला काही वाटत नाही. माझा वैताग माणसांवर आहे. माणसं कोटाकडे बघतात आणि आत कोण आहे, तो काय बोलतोय, हे विचारायचंच विसरतात.

माझं कापड गडद निळं. मला शिवलं एका बोलघेवड्या शिंप्याने, एका शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांसाठी. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून मुलं त्यांना शिट्टी सर म्हणत. त्या वर्षी त्यांच्या संघातल्या मुलींनी रिलेची शर्यत जिंकली होती, आणि बक्षीस घ्यायला ट्रॅकपँटवर स्टेजवर जायचं नाही अशी ताकीद मुख्याध्यापकांनी दिली होती. शिंपी टेप लावता लावता म्हणाला, "काय खांदे आहेत साहेब! अशा खांद्यांवर कोट शिवायला मिळणं म्हणजे नशीब." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. खरं तर ते खांद्यांचं होतं, पण मी माझ्याकडे घेतलं.

स्टेजवर टाळ्या कडाडल्या तेव्हा सरांचं काळीज माझ्या आतल्या खिशाखाली धडधडत होतं. घरी आल्यावर त्यांनी मला हँगरला लावलं, खिशात डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि कपाट बंद केलं. पुढची बरीच वर्षं मी त्या वासात काढली. एखाद्या लग्नाला बाहेर यायचो, की परत आत.

सरांचेही दिवस फिरले. शाळेने अर्ध्या मैदानावर नवी इमारत उठवली. खेळाचे तास कापून कसले कसले जादा वर्ग घुसवले. सर दिवसातला बराच वेळ शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी नुसते बसून असत. हे मला कळायचं ते काकूंच्या बोलण्यावरून. काकू म्हणजे सरांची बायको. त्या औषधांचं दुकान चालवतात. "ही गोळी जेवणाआधी, ती जेवणानंतर" हे एकेकाला चारचारदा सांगून त्यांचा आवाज कायम जरा चढलेला असतो.

अशात एक दिवस सरांचा जुना मित्र घरी आला. तरुणपणी दोघं एकाच संघातून धावायचे. आता तो एका आर्थिक सेवा देणाऱ्या कंपनीत 'डायमंड' होता. त्या कंपनीत माणसाला नावाने कमी आणि हुद्द्याने जास्त ओळखतात: सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. काकूंनी त्याच दिवशी त्याचं नाव हिरा ठेवलं.

"कॅप्टन," हिरा म्हणाला, "तू माणसं घडवणारा माणूस. तुला टीम लागते. आमच्याकडे ये. विमा, गुंतवणूक, अख्ख्या कुटुंबाचं नियोजन. आपण काही विकत नाही रे, आपण लोकांना जागं करतो."

कॅप्टन! या नावाने सरांना कुणी हाक मारून किती काळ लोटला होता. सर तिथल्या तिथे विरघळले. जाताना हिरा म्हणाला, "फक्त एक कर. येताना कोट घालून ये." झालं, माझ्यामागे साडेसाती लागली.

मित्रांनो, त्यांच्या सभेचं काय वर्णन करू? एका हॉटेलचा हॉल, माणसं खच्चून भरलेली, आणि उकाड्यात सगळे कोटात. सरांना उभं करून "नवीन कॅप्टन!" अशी घोषणा झाली आणि टाळ्यांनी छत दणाणलं. सरांनी काय केलं होतं? काहीही नाही. नुसते उभे राहिले होते. पण माझ्या पाठीला कळलं, त्यांचा कणा ताठ झाला होता.

मग एक जण फळ्यावर वर्तुळं काढू लागला. हे तुम्ही. तुमच्याखाली हे तिघे. त्या तिघांखाली प्रत्येकी तिघे. वर्तुळं काढता काढता फळा संपला, तरी तो आशेने भिंतीकडे बघत होता. कुठला विमा कुणाला लागू पडतो, मधेच गरज लागली तर पैसे परत मिळतात का, यावर अवाक्षर नाही. नातेवाइकांना फोन करून काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, यावर मात्र खंडीभर उपदेश. "कंपनीचं नाव फोनवर घेऊ नका. 'एक काम आहे, भेटून बोलतो', एवढंच म्हणा." मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते. मला बाह्या आहेत, पण त्यांतले हात दुसऱ्याचे.

सरांनी तिथल्या रिवाजाप्रमाणे आधी प्रवेश फी भरली, मग स्वतःचाच एक विमा काढला. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "ही कंपनी खरी आहे का, ते तरी बघितलंत?"

सरांनी बघितलं. सरकारी नोंदींमध्ये शोधलं, तर कंपनीचं नाव सापडलं. सर विजयी चेहऱ्याने स्वयंपाकघरात आले. मी अजून त्यांच्या अंगावरच होतो. हल्ली ते मला घरातही काढत नसत.

"बघ! नोंदणी आहे, ऑफिस आहे. ज्या विमा कंपनीचा माल आहे तीसुद्धा नावाजलेली. आता तरी पटलं?"

"माझ्या दुकानालाही परवाना आहे," काकू म्हणाल्या. "म्हणून मी येईल त्याला रक्तदाबाची गोळी देते का? आणि परवाना माझा आहे. उद्या तुम्ही गल्ल्यावर बसून औषधं वाटायला लागलात तर चालेल? विमा विकायचा तुमचा परवाना कुठाय?"

"त्याची परीक्षा असते. तो म्हणाला, नंतर देऊ."

"बरं. मग मला सांगा, तुमच्या साखळीत नसलेलं कुणी हा विमा आपणहून घेतं का? की जो येतो तो आधी स्वतः घेतो, मग बहिणीच्या गळ्यात मारतो, मग मेहुण्याच्या?"

"सुरुवात घरापासूनच होते, अगं."

"आणि संपते कुठे?"

सरांचा पारा चढला. "तू फार निगेटिव्ह झालीयेस!"

काकूंनी गॅस बंद केला आणि वळून बघितलं. "हा शब्द आपल्या घरात कधीपासून यायला लागला?" सर तडक बाहेर निघून गेले, आणि अर्थातच मलाही घेऊन गेले.

पुढचे महिने म्हणजे नुसती वणवण. परक्यांच्या सोफ्यांवर बसून तीच तीच वाक्यं ऐकून माझे कान किटले असते, असते तर. लोक फोन उचलेनासे झाले. चुलतभाऊ सरांना बघून रस्ता ओलांडू लागले. तरी दोघं जण सरांच्या शब्दाखातर आले: शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आणि शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका. ड्रायव्हरकाका तर कागद न वाचताच सही करून मोकळे झाले. "सर, तुम्ही कोटाबिटात आलाय, म्हणजे नीटच असणार," म्हणाले. माझ्यावर विश्वास! अहो, माझ्यात आहे काय? अस्तर, बटणं आणि थोडी खळ.

आणि मग सर ताईकडे गेले.

ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा सरांना तिनेच वाढवलं. तिच्या नवऱ्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. नवरा वारल्यावर ताईने गॅरेज विकलं होतं, आणि आलेल्या पैशांवरच तिचं सगळं चाललं होतं. ती सगळी रक्कम 'नियोजनात' आणली की सरांचा हुद्दा वाढेल, असं हिऱ्याने सांगितलं होतं.

ताईने चहा टाकला. सर वर्तुळं काढायला वही उघडतात तोच ती म्हणाली, "ते राहू दे रे. मला त्यातलं काय कळतंय? तू आलायस म्हणजे चांगलंच असणार. सही कुठे करू?"

मित्रांनो, माझी शिवण न् शिवण ओरडत होती. एक तरी प्रश्न विचार, बाई! ताईने चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं, आणि सहज आठवलं म्हणून बोलली, "फक्त एक. आमच्या इमारतीला लिफ्ट बसवायची चाललीय. गुडघ्यांनी मला आता जिना नको झालाय. पुढच्या वर्षी माझा वाटा द्यावा लागेल. तेवढे यातून काढता येतील ना?"

इतक्या सभा झाल्या होत्या, पण हे त्यांत कुणी सांगितलंच नव्हतं. "थांब, विचारतो," म्हणत त्यांनी हिऱ्याला फोन लावला आणि ताईलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"कॅप्टन, असले प्रश्न सहीच्या आधी घ्यायचेच नसतात," हिरा पलीकडून म्हणाला. "सुरुवातीची वर्षं हात लावता येत नाही, आणि लावलाच तर निम्मेही मिळत नाहीत. ते आत्ता सांगत बसू नकोस. 'बघू' म्हण. म्हाताऱ्या माणसांना नंतर आठवतही नाही. आणि हो, एजंट म्हणून माझंच नाव टाक. तुझी परीक्षा कुठे झालीय?"

सरांनी फोन बंद केला. माझी पाठ त्यांच्या घामाने चिकटली होती.

"मला म्हातारी म्हणाला मेला," ताई म्हणाली.

"ताई, सही करू नकोस."

ताईने सरांच्या तोंडाकडे बघितलं. मग तिने काय करावं? पेन कागदाजवळ नेलं. "अरे, पण तुझं काय? तुझा तो हुद्दा अडलाय ना? लिफ्टचं बघू नंतर. चढेन मी जिना. तुझ्यासाठी करते मी सही."

"करू नकोस म्हणतोय ना!" सर ओरडले. अर्ध्या मैदानापलीकडे ऐकू जावं असे ओरडले. ताई दचकली. सरांनी कागद ओढून घेतले, टराटरा फाडले, आणि मग तिच्यासमोर खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. ताईने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. कोट म्हणून इतकी वर्षं जगलो, पण हात खांद्यावर ठेवणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर सर हिऱ्याच्या ऑफिसात जाब विचारायला गेले. तिथे त्यांना खूप टाळ्या वाजवून दाखवल्या, पण उत्तर एकाही प्रश्नाचं दिलं नाही. संध्याकाळपर्यंत सरांचं नाव कंपनीच्या फोनवरच्या ग्रुपमधून काढलं होतं. मग सर चित्रकलेच्या बाईंकडे गेले. त्यांना कागद नुकतेच मिळाले होते. कागद मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत विमा परत करता येतो, हे त्या कागदांतच लिहिलं होतं. काकूंनी औषधाच्या चिठ्ठ्या वाचून मुरलेल्या डोळ्यांनी ते बारीक अक्षर शोधून काढलं, आणि बाई सुटल्या. ड्रायव्हरकाकांची मुदत मात्र उलटून गेली होती. सरांनी त्यांच्यासोबत बसून कंपनीकडे तक्रार केली, मग कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीत केली, खेटे घातले. शेवटी काही भाग परत मिळाला. सगळा नाही. ड्रायव्हरकाका भांडले नाहीत. फक्त सकाळी बसच्या दारातून "काय सर!" अशी जी आरोळी द्यायचे, ती द्यायचे थांबले. सरांना ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

तुम्ही म्हणाल, मग ती कंपनी खोटी होती की खरी? इथेच तर माझं डोकं फिरतं. नोंदणी खरी होती, विमाही खरा होता. पण कमाई विमा लागणाऱ्या माणसांवर उभी नव्हती, ती रोज नवीन माणूस ओढून आणण्यावर उभी होती. विकणाऱ्याकडे परवाना नव्हता, विकत घेणाऱ्याला बाहेर पडायची वाट सांगायची नाही असा हुकूम होता, आणि प्रश्न विचारणारा निगेटिव्ह ठरत होता. यापुढे कायदा तिला काय म्हणायचं ते म्हणो. तो हॉल अजूनही भरतो. माझ्यासारखे कितीतरी कोट अजून तिथे घामाघूम होतात.

मी परत कपाटात आलो. मध्ये बरेच महिने गेले. परवा संध्याकाळी बेल वाजली. आवाज ड्रायव्हरकाकांचा होता.

"सर, माझ्या सुनेला कुणीतरी असल्याच एका सभेला बोलावलंय. कंपनी दुसरी आहे. ती म्हणते चांगली आहे, मुलगा म्हणतो फसवणूक आहे. मला काही कळत नाही. तुम्ही येता का सोबत? काय विचारायचं, ते तुम्हाला माहितीये."

"येतो की," सर म्हणाले.

काकूंनी कपाट उघडलं. "कोट देऊ?"

"नको," सर म्हणाले. "असाच जातो."

आणि ते ट्रॅकपँटवरच गेले. जिन्यातून दोघांचे आवाज खाली खाली जाताना मला ऐकू येत होते.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती. मला अधूनमधून ऊन दाखवा, अस्तर शिवून घ्या, कसर लागू देऊ नका. आणि उद्या माझ्यासारखा एखादा कोट तुमच्या घरी येऊन सोफ्यावर बसला, तर त्याला चहा जरूर द्या. पण पेनाचं टोपण काढायच्या आधी लिफ्टचं विचारा.